तकली आणि कॅमेरा

२००५ सालच्या अखेरीस वर्धा जिल्ह्यातील डोर्ली या चिमुकल्या गावाने स्वतःलाच विक्रीस काढले. कर्जाचा डोंगर आणि कापसाचा पडलेला भाव यांनी गांजलेल्या ग्रामस्थांनी गाव विकायचे असल्याचे जाहीर केले आणि बघता बघता त्याची देशभर बातमी झाली. पुढच्याच वर्षी, २००६च्या जूनअखेरीस, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भाच्या दौऱ्यावर आले. याच जिल्ह्यातील वायफड येथे त्यांनी शेतकऱ्यांची भेट घेतली. दौऱ्याच्या शेवटी वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. पंतप्रधान परतले आणि त्यांच्यामागोमाग कॅमेरेही परतले.

त्या काळात वर्धा जिल्ह्याचे जेवढे चित्रण झाले, तेवढे क्वचितच कधी झाले असेल. भेगाळलेली जमीन, ओसरीवर बसलेली विधवा, तिच्या पदराआडून बघणारे पोर ही दृश्ये घराघरांत पोहोचली. ती खोटी होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु चौकट कोठे धरायची, प्रश्न कोणता विचारायचा आणि उत्तरातील कोणते वाक्य ठेवून कोणते कापायचे, हे ठरविणारे दिल्ली-मुंबईचे होते. गाव त्या चौकटीच्या आत होते आणि गावाची मुले तर केवळ पार्श्वभूमीला होती. दुःख वर्ध्याचे, दृष्टी मात्र दुसऱ्याची, असा तो व्यवहार होता.

दोन दशकांनंतर चित्र बाहेरून तरी पार बदलले आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले आणि इंटरनेट कवडीमोल झाले. २०२०च्या जूनअखेरीस 'टिकटॉक'वर बंदी आली, तर काही दिवसांतच 'रील्स'ने ती जागा भरून काढली. आज बजाज चौकात, आर्वी नाक्यावर किंवा हिंगणघाटच्या बसस्थानकावर उभे राहिले, तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींच्या हाती जो कॅमेरा दिसतो, तो वीस वर्षांपूर्वीच्या अनेक व्यावसायिक कॅमेऱ्यांपेक्षा सरस आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. ग्रामीण भागात ही स्थिती असेल, तर शहरातील वेगळे काय सांगावे!

म्हणजे साधन आले, शिक्षण आले नाही. हातात लेखणी आली म्हणून कोणी लेखक होत नाही, हे सर्वांना कळते. मग हातात कॅमेरा आला की मुलांना 'सगळे येते', असे पालक आणि शिक्षक कसे मानून चालतात? हा प्रश्न छंदवर्गापुरता नाही. जी पिढी जगाकडे पडद्यातूनच पाहणार आहे, तिला पडद्यामागे काय घडते हे शिकविणे, हे आजचे साक्षरतेचे काम आहे.

वर्ध्याचाच वारसा

हे काम वर्धा जिल्ह्याने करावे, याला एक विशेष औचित्य आहे. हाताने काम करता करता बुद्धीचे शिक्षण घडते, हा विचार देशापुढे मांडला गेला तो याच भूमीवरून. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि त्या समितीच्या अहवालातून 'वर्धा योजना' अथवा 'नई तालीम' आकाराला आली. आर्यनायकम् दांपत्याने सेवाग्राममध्ये हे शिक्षण प्रत्यक्षात आणून दाखविले. पुढे खंडित झालेली सेवाग्रामची ती शाळा 'आनंद निकेतन' या नावाने २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

नई तालीमचे मर्म सूतकताईत नव्हते. सूत हे निमित्त होते. तकली फिरवता फिरवता मुलाने कापसाचे पीक कोठे येते हे विचारावे, तेथून भूगोलात शिरावे, सुताचे तार मोजताना गणित शिकावे, कापडाच्या व्यापारातून इतिहास समजून घ्यावा, अशी ती रचना होती. एक उद्योग, आणि त्याच्याभोवती गुंफलेले सारे ज्ञान.

हेच सूत्र कॅमेऱ्याला लावून पाहावे. पुलगाव-आर्वी मार्गावरून एके काळी नॅरोगेज गाडी धावत असे. ती आता बंद आहे. आर्वीतील पाच मुलांनी या गाडीवर दहा मिनिटांचा माहितीपट करायचे ठरविले, तर त्यांना काय काय करावे लागेल? ज्यांनी त्या गाडीने प्रवास केला, अशी वृद्ध माणसे शोधावी लागतील. ही गाडी कापसासाठी का घातली गेली, हे कळण्यासाठी वऱ्हाडचा कापूस आणि इंग्लंडमधील गिरण्या यांचे नाते समजून घ्यावे लागेल. जुन्या नकाशावरून अंतर मोजावे लागेल. आजोबांच्या तोंडची बोली ऐकून ती निवेदनाच्या प्रमाण मराठीत कितपत आणायची, याचा विचार करावा लागेल. इतिहास, भूगोल, गणित आणि भाषा हे चारही विषय एका गाडीत बसून येतात.

विषयांची वाण जिल्ह्यात नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा फडकविण्यासाठी निघालेल्या जमावावर गोळीबार झाला आणि तरुणांनी प्राण दिले. तो दिवस प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता जवळजवळ सरली आहे. आजीने सांगितलेल्या गोष्टी तेवढ्या नातवंडांपाशी उरल्या आहेत. त्या टिपून ठेवल्या नाहीत, तर दहा वर्षांनी त्याही उरणार नाहीत. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ती हळद शिजविण्यापासून बाजारात नेईपर्यंतचा प्रवास शहरातील किती मुलांनी पाहिला आहे? याच मातीतील गवळाऊ गाय, पवनारची धाम नदी, हिंगणघाटचा कापूस बाजार, बोरच्या जंगलालगतची शेती आणि तेथील रानडुकरांचा उपद्रव, हे सारे मुलांच्या उंबरठ्याशी आहे. पण मोबाइलच्या पडद्यावर त्यांना दिसते ते दुबईचे मॉल आणि कोरियाचे नाच.

अर्थात नई तालीमच्या इतिहासातून एक इशाराही घ्यायला हवा. स्वातंत्र्यानंतर अनेक सरकारी शाळांत ही योजना वेळापत्रकातील एक तास होऊन बसली. पोरे तासभर तकली फिरवीत आणि मग नेहमीची पाठांतरे सुरू होत. हातातले काम आणि डोक्यातले शिक्षण यांचा सांधाच तुटला. कॅमेऱ्याचेही तसे होऊ शकते. 'मीडिया क्लब'ची पाटी लागेल, उद्घाटनाची छायाचित्रे निघतील आणि मुले पाहुण्यांच्या सत्काराचे चित्रीकरण करीत बसतील. तसे होणार असेल, तर न केलेले बरे.

इतरांनी काय केले?

सामान्य माणसाच्या हाती कॅमेरा देण्याचा प्रयोग जगात नवा नाही. १९६७ मध्ये कॅनडातील फोगो या बेटावरील कोळ्यांना तेथून हलविण्याचा सरकारचा विचार होता. त्या वेळी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे कॉलिन लो यांनी बेटावरील माणसांशी बोलून २७ छोटे चित्रपट केले आणि ते आधी त्याच बेटावरील माणसांना दाखविले. वेगवेगळ्या वस्त्यांत विखुरलेल्या, एकमेकांशी फारसे न बोलणाऱ्या लोकांनी पडद्यावर एकमेकांचे म्हणणे ऐकले आणि आपले दुःख एकच आहे, हे त्यांना उमगले. तेच चित्रपट सरकारी अधिकाऱ्यांनीही पाहिले. बेट उठले नाही. कोळ्यांनी सहकारी संस्था काढली आणि ते तेथेच राहिले. येथून पुढे आलेला धडा साधा आहे. चित्रपटाचा पहिला प्रेक्षक तोच असावा, ज्याच्याविषयी तो आहे.

शहरी किशोरांच्या बाबतीत न्यूयॉर्कचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९८४ मध्ये स्टीव्हन गुडमन यांनी 'एज्युकेशनल व्हिडिओ सेंटर' सुरू केले. माध्यमिक शाळांतील मुले तेथे गट करून आपल्या वस्तीतील एखादा प्रश्न निवडतात, रस्त्यावर उतरून लोकांना विचारतात आणि माहितीपट तयार करतात. काम तेथे संपत नाही. प्रत्येकाला पालक, शिक्षक आणि पाहुणे यांच्यासमोर बसून आपण काय शिकलो, कोठे चुकलो, हे सांगावे लागते. परीक्षा चित्रपटाची नसते. तो करणाऱ्याची असते.

त्याच १९८४ साली अहमदाबादेत 'सेवा' या महिलांच्या संघटनेने न्यूयॉर्कच्या मार्था स्टुअर्ट यांच्या मदतीने सुमारे वीस महिलांना तीन आठवडे व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. अक्षर न येणारी बाई कॅमेरा चालविते, दुसरीची मुलाखत घेते, हे पाहून भल्याभल्यांची समजूत बदलली. यंत्र अवघड असते ही भीती खरी नव्हती; 'हे आपले काम नव्हे' हा संकोच मोठा होता.

महाराष्ट्राच्या शेजारच्या गोव्यातील 'व्हिडिओ व्हॉलंटिअर्स' ही संस्था २००३ पासून काम करीत आली. जेसिका मेबरी आणि स्टॅलिन के. यांनी तिची उभारणी केली. वस्तीतील आणि खेड्यांतील तरुणांना शिकवून त्यांच्याकडून चित्रफिती करून घ्यायच्या आणि त्या गावोगाव पडद्यावर दाखवून चर्चा घडवायची, असे प्रारंभीचे स्वरूप होते. २०१० मध्ये 'इंडिया अनहर्ड' हा उपक्रम सुरू झाला. त्यातील वार्ताहर रखडलेल्या कामाची चित्रफीत करतो, ती अधिकाऱ्याला दाखवितो आणि काम झाले की दुसरी चित्रफीत करतो. पाठपुरावा हा त्या शिक्षणाचाच भाग असतो.

शेतीच्या क्षेत्रात 'डिजिटल ग्रीन'चा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. रिकिन गांधी यांनी २००६ च्या सुमारास बंगळुरूत सुरू केलेल्या या प्रयोगात शेतकऱ्यांच्याच चित्रफिती शेतकऱ्यांना दाखविल्या गेल्या. नेहमीच्या सरकारी विस्तार पद्धतीपेक्षा नवी पद्धत स्वीकारण्याचे प्रमाण तेथे सातपट आढळले. कारण उघड आहे. पडद्यावरचा माणूस आपल्यासारखा बोलतो, आपल्यासारख्या शेतात उभा असतो. त्याच्यावर विश्वास बसतो.

विदर्भातही कॅमेऱ्याने वस्तीतील पोरांना जवळ केले आहे. नागराज मंजुळे यांच्या २०२२ च्या 'झुंड' या चित्रपटात नागपूरच्या वस्त्यांतील, पूर्वी कधी अभिनय न केलेल्या मुलांनी भूमिका केल्या. त्यांच्या चेहऱ्यांतील सच्चेपणा सर्वांनी वाखाणला. ते कौतुकास्पद होतेच. परंतु तेथेही मुले भिंगाच्या पुढच्या बाजूला होती. भिंगाच्या मागच्या बाजूला जाण्याची वाट अद्याप मोकळी व्हायची आहे.

शिकवायचे म्हणजे काय?

पहिल्या आठवड्यात कॅमेरा काढूच नये. मुलांना जोडीजोडीने वस्तीत पाठवावे आणि ऐकायला सांगावे. न टोकता, न सुचविता दहा मिनिटे दुसऱ्याचे बोलणे ऐकणे किती अवघड असते, हे त्यातून कळते. दुसरा धडा ध्वनीचा. मोबाइलवरील बहुतेक चित्रफिती फसतात त्या चित्रामुळे नव्हे, तर आवाजामुळे. पंखा, रहदारी आणि वारा यांनी माणसाचे बोलणे गिळून टाकलेले असते. मग उजेड. खिडकीकडे पाठ करून बसविलेला माणूस काळा दिसतो, हे पुस्तकात वाचण्याऐवजी एकदा चुकून पाहावे लागते.

त्यानंतर दृश्य. मोबाइल हलवीत फिरण्याची सवय मोडून प्रत्येक दृश्य निदान दहा सेकंद स्थिर धरायला शिकवावे. आधी जागा कळेल असे दुरून, मग माणूस कळेल असे जवळून, मग त्याचे हात अथवा चेहरा. पिंजाऱ्याचे दुकान, त्यात बसलेला पिंजारी, त्याच्या बोटांतला कापूस; या तीन दृश्यांत एक वाक्य पूर्ण होते. दादासाहेब फाळके यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' करण्यापूर्वी कुंडीतील वाटाण्याच्या वेलीची वाढ दिवसेंदिवस टिपून तिचा छोटा चित्रपट केला होता. भारतीय चित्रपटाचा आरंभ असा धीराने एका रोपाकडे पाहण्यातून झाला. दर पंधरा सेकंदांनी अंगठा सरकविणाऱ्या पिढीला हाच धडा सर्वांत अधिक हवा.

शेवटी संकलन. येथेच खरे संस्कार घडतात. तासाभराच्या मुलाखतीतून तीन मिनिटे निवडताना मुलाला कळते की, एक वाक्य पुढे-मागे केले तर अर्थ उलटतो. ज्याने एकदा स्वतःच्या हाताने हे केले, तो दुसऱ्याने पाठविलेली अर्धवट कापलेली चित्रफीत डोळे मिटून पुढे पाठविणार नाही. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर कोणाच्याही तोंडी कोणतेही वाक्य घालता येते. अशा काळात अफवांविरुद्धची शंभर व्याख्याने जे साधणार नाहीत, ते संकलनाच्या मेजावरचे चार रविवार साधतील.

आक्षेपांचा विचार

मध्यमवर्गीय घरातून पहिला प्रश्न येईल तो दहावी-बारावीचा. 'आधीच मोबाइलचे वेड, त्यात आणखी हे!' ही काळजी खोटी नाही. परंतु मोबाइल हिसकावून घेण्याचा उपाय प्रत्येक घराने करून पाहिला आहे आणि त्याचे फळ काय मिळाले, हेही प्रत्येक घराला ठाऊक आहे. प्रेक्षक म्हणून रोज तीन तास पडद्यापुढे बसणारा मुलगा जेव्हा तीन मिनिटांची चित्रफीत करण्यासाठी तीन आठवडे राबतो, तेव्हा पडद्याकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक कारागिरांसोबत शिकण्याची कल्पना मांडली आहे. तेच दहा दिवस सुतार, कुंभार, विणकर यांच्याकडे कॅमेरा घेऊन जाण्यात लागले, तर धोरणाचा हेतू दुहेरी साधेल.

दुसरा प्रश्न मुलींचा. मुलगी रस्त्यावर उभी राहून अनोळखी माणसाला प्रश्न विचारते, हे अनेक घरांना रुचणार नाही. मुलीचा चेहरा समाजमाध्यमावर जाईल, ही भीती तर फारच रास्त आहे. यावर उपाय मुलींना वगळणे हा नव्हे. गटाने जाणे, सोबत जबाबदार ताई असणे आणि चित्रफीत खुल्या समाजमाध्यमावर न टाकता प्रत्यक्ष जमलेल्या लोकांना दाखविणे, एवढे पथ्य पुरेसे आहे. खरे तर ज्या मुलीने कॅमेऱ्याची ताकद आणि त्याचा धोका हे दोन्ही स्वतः हाताळले आहे, तीच उद्या फसवणुकीला बळी पडण्यापासून स्वतःला आणि मैत्रिणीला वाचवू शकते.

याच ओघात कायद्याचे भानही शिकवायला हवे. २०१५ चा बालन्याय कायदा आणि २०१२ चा 'पॉक्सो' कायदा पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई करतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेला कायदा अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. एखाद्याचे चित्रण करण्याआधी त्याला विचारणे, तो नको म्हणाला तर कॅमेरा खाली ठेवणे आणि झालेले चित्रण त्याला दाखविणे, हा केवळ कायदा नव्हे, सभ्यता आहे. २००६ साली किती कॅमेऱ्यांनी ती पाळली, हे वायफडच्या परिसरातील वडीलधाऱ्यांना विचारावे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा अनेक उपक्रमांना परदेशातून निधी येतो. ज्या कामाला पैसा दूरच्या देशातून येतो, त्याचा अहवालही दूरच्या देशात पाठवावा लागतो; मग तेथे काय आवडेल याचा विचार विषय निवडताना नकळत शिरतो. भारताचे दैन्य विकले जाते, भारताची धडपड विकली जात नाही, हे अनुभवाचे आहे. ही शंका रास्त मानली, तरी तिचे उत्तर प्रयोगाकडे पाठ फिरविणे हे असू शकत नाही. समाजाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या भाषेत हे काम उभे केले, तर विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही समाजाकडे राहील.

मात्र हाच निकष स्वतःलाही लावायला हवा. वस्तीतील मुलांच्या हाती कॅमेरा देऊन त्यांच्याकडून आपल्याला सोयीचे तेवढेच काढून घेणारा कार्यकर्ता हा परक्या निधीदात्यापेक्षा वेगळा ठरत नाही. मुलांनी नालीची दुर्गंधी दाखविली, नगरसेवक आपल्याच ओळखीचा निघाला, तर ती चित्रफीत दाबली जाणार का? मुलांनी एखाद्या घरातील दारूचा, हुंड्याचा किंवा विहिरीवरच्या भेदभावाचा विषय काढला, तर 'समाजाची बदनामी नको' असे सांगून त्यांना गप्प बसविले जाणार का? समाज सशक्त आहे याची खूण हीच की, तो आपल्या मुलांनी धरलेल्या आरशात पाहू शकतो.

कोणी आणि कसे?

सरकारी यंत्रणेची वाट पाहण्यात अर्थ नाही. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी पुण्याची 'बालचित्रवाणी' १९८४ मध्ये सुरू झाली. एका पिढीने दूरदर्शनवर ते कार्यक्रम पाहिले. २०१७ मध्ये ती संस्था बंद पडली. १९५५ मध्ये स्थापन झालेली बालचित्र समिती २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. मोठ्या इमारतींत उभ्या राहिलेल्या संस्थांचे हे प्राक्तन पाहिले की, लहान आणि वस्तीत रुजलेले काम अधिक टिकाऊ वाटू लागते.

असे काम उभे करण्यास लागते ते फार थोडे. एक खोली, रविवारची तीन तासांची वेळ, बारा ते पंधरा मुलेमुली, घरातील दोन-तीन मोबाइल, एक तिपाई आणि कॉलरला लावायचा माईक. तिपाई व माईक मिळून दोन-तीन हजार रुपयांत येतात. संकलनाची साधने मोबाइलवरच मिळतात. शिकविणारे शोधायला दूर जावे लागत नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय वर्ध्यातच आहे आणि तेथे जनसंचाराचे व नाट्य-चित्रपटाचे शिक्षण दिले जाते. तेथील विद्यार्थ्यांनी आठवड्याचे तीन तास दिले, तर इतवारा, पुलफैल, रामनगर अशा एकेका भागात एकेक गट उभा राहू शकतो. लग्नसमारंभांचे चित्रीकरण करणारे कसबी तरुण तर प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. बिनहंगामाच्या दिवसांत त्यांच्याकडून प्रकाश आणि ध्वनीचे जे शिक्षण मिळेल, ते कोणत्याही पुस्तकात नाही.

आणि प्रेक्षक? त्याची सोय तर लोकमान्यांनीच करून ठेवली आहे. सार्वजनिक गणेशोत्सवात मंडप असतो, पडदा असतो, ध्वनियंत्रणा असते आणि मुख्य म्हणजे दहा दिवस जमणारी माणसे असतात. त्यांपैकी एक संध्याकाळ प्रत्येक मंडळाने आपल्या वस्तीच्या मुलांनी केलेल्या चित्रफितींना द्यावी. दोन चित्रफिती दाखवाव्यात आणि मग अर्धा तास लोकांनी बोलावे. ज्यांच्यावर चित्रफीत आहे, त्या आजोबांना पुढच्या रांगेत बसवावे. वीजमंडळाचे, नगरपरिषदेचे अधिकारी सत्काराला येतातच; त्यांनीही ती पाहावी. लाखो अनोळखी लोकांच्या 'लाइक्स'पेक्षा आपल्या गल्लीतील दोनशे माणसांच्या साक्षीने मिळालेली शाबासकी पंधरा वर्षांच्या मुलाला अधिक घडविते, आणि त्याच दोनशे माणसांपुढे चूक कबूल करणे त्याला अधिक मोठे करते.

अशा वर्गातून दरवर्षी चित्रपट दिग्दर्शक निघणार नाहीत. निघावेत ही अपेक्षाही नाही. तकली फिरविणारी सारी मुले विणकर झाली नाहीत. त्यांतील एखादी मुलगी पत्रकार होईल, एखादा मुलगा संकलनाच्या कसबावर घर चालवील. उरलेली सारी डोळस नागरिक होतील. समोर आलेले दृश्य कोणी, कोठून आणि कशासाठी टिपले, हा प्रश्न त्यांना पडेल. एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

वर्धा जिल्ह्यावर पुन्हा संकट येणार नाही, असे कोणी सांगू शकत नाही. पाऊस दगा देईल, कापसाचा भाव पडेल, पुन्हा कोणी मोठा नेता एखाद्या वायफडला येईल आणि त्याच्यामागून कॅमेऱ्यांचा ताफाही येईल. त्या दिवशी त्या गर्दीत आणखी एक कॅमेरा असावा. तो धरणारी मुलगी त्याच तालुक्यातील असावी. ओसरीवर बसलेल्या बाईला तिने 'काकू' म्हणून हाक मारावी, आधी पाणी विचारावे, मग प्रश्न विचारावा. आणि ताफा निघून गेल्यावरही तिने तेथेच थांबावे, कारण तिला परत जायला दुसरे गाव नाही.